धाप की धास्ती? फुप्फुसाच्या जुन्या पेशंटला ते सात प्रश्न का विचारायचे

माझ्या मावशीने बाथरूमची कडी लावणं बंद केलं. आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही, मग कळलं की ती दार नुसतं लोटून घेते आणि अंघोळ होईपर्यंत सुनेला बाहेर उभं करते. घरच्यांना वाटलं पाय घसरायची भीती असेल, वय झालंय आता. मलाही तेच वाटलं, आणि मी तर फिजिओथेरपिस्ट, फुप्फुसाच्या पेशंटकडून व्यायाम करून घेणं हेच माझं रोजचं काम. शेवटी एका दिवाळीत तिच्याशेजारी बसून करंज्या भरताना सहज विचारलं, तर म्हणाली, "आत वाफ कोंडली की वाटतं हवाच संपली बघ. कडी लावली आन् त्यातच काय झालं तर मला भाईर काढणार कोण?"

हे ती दोन वर्षं मनात धरून होती. त्या दोन वर्षांत तिची स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी झाली, एक्स-रे झाले, पंप बदलून झाले, किती पायऱ्या चढल्यावर दम लागतो हे प्रत्येक ओपीडीत विचारून झालं. भीती वाटते का आणि नेमकी कशाची, हे एकदाही कुणी विचारलं नाही, आणि न विचारणाऱ्यांत मीही होते. म्हणून आज हा विषय जरा नीट, पण आपल्या साध्या बोलीत मांडते. विषय आहे फुप्फुसाचा जुना आजार असलेल्या माणसांमधली ॲन्झायटी, म्हणजे मनात घर करून बसलेली भीती-काळजी, वेळेत कशी ओळखायची, म्हणजे तिचं स्क्रीनिंग कसं करायचं.

आधी आजाराबद्दल थोडं. मावशीला सीओपीडी आहे. यात श्वासनळ्या आतून सुजून अरुंद होतात, फुप्फुसातले हवेचे बारीक फुगे ढिले पडतात, त्यामुळे हवा आत जाते पण पूर्ण बाहेर येत नाही. स्पायरोमेट्रीत जोरात फुंकायला लावतात ना, त्यात पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा एकूण फुंकलेल्या हवेच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी भरली, आणि तीही पंपाचं औषध देऊन झाल्यावर, तर नळ्या अडल्यात असं धरतात. आपल्याकडे हा बिडी-सिगारेटवाल्यांचा आजार समजतात. मावशीने आयुष्यात बिडी हातात धरली नाही, पण सातारा जिल्ह्यातल्या एका खिडकी नसलेल्या स्वयंपाकघरात ती चाळीस वर्षं चुलीपुढे बसून फुंकणी फुंकत राहिली. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात यावरच लेख लिहिला होता, की सीओपीडीच्या पेशंटपैकी साधारण २५ ते ४५ टक्के लोकांनी कधी सिगारेट ओढलेलीच नसते, आणि चुलीचा धूर हे त्याचं फार मोठं कारण आहे. शिवाय आपल्याकडे टीबी बरा झाला पण फुप्फुस अधू राहिलं अशीही माणसं भरपूर आहेत, दगडखाणीत काम केलेली आहेत, फुप्फुस आतून घट्ट होत जाणाऱ्या आजाराची आहेत. पुढे सीओपीडी सीओपीडी म्हणत असले तरी बरंचसं या सगळ्यांना लागू होतं.

आता धाप आणि भीती एकमेकींना कशा ओढतात ते बघा, हे कळलं की पुढचं सगळं सोपं आहे. शांत बसलेला माणूस मिनिटाला साधारण १५ श्वास घेतो, म्हणजे एका श्वासाला ४ सेकंद मिळतात. घाबरला की हेच ३० वर जातं, म्हणजे एका श्वासाला २ सेकंद. निरोगी माणसाचं त्यात फार बिघडत नाही, त्याच्या नळ्या मोकळ्या, हवा झटकन बाहेर पडते. पण ज्याच्या नळ्या अरुंद त्याला श्वास सोडायलाच जास्त वेळ लागतो आणि नेमका तोच वेळ कमी झाला, मग आधीची हवा बाहेर पडायच्या आत पुढचा श्वास, त्यावर आणखी एक, एसटी स्टँडवर उतरणारे उतरायच्या आतच चढणारे दारात घुसतात आणि मग ना कुणाला उतरता येत ना चढता येत, अगदी तसं. छाती फुगून बसते, तिथे नव्या हवेला जागाच उरत नाही. पेशंट सांगतो "श्वास आत जात नाही", खरं तर आधीचा बाहेर गेलेला नसतो.

मेंदूला मात्र एवढंच कळतं की हवा मिळत नाहीये, आणि हवा न मिळणं ही त्याच्या लेखी सगळ्यात मोठी आणीबाणी. छाती धडधडायला लागते, दरदरून घाम सुटतो, हातपाय गार पडतात, आणि हे सगळं बघून माणूस आणखी घाबरतो, श्वास आणखी भरभर चालतो, छाती आणखी फुगते. दहा मिनिटांत नुसत्या मोरीपर्यंत चालून आलेला माणूस मरणाच्या दारात उभा असल्यासारखा दिसतो. यात नाटक नसतं. "तुमच्या मनाचे खेळ आहेत" हे वाक्य त्या माणसाला कधीही ऐकवू नका, त्याच्या छातीत खरोखर हवा कोंडलेली असते.

आणि हे झालं त्या दहा मिनिटांचं. महिन्यामहिन्यांचं चक्र वेगळंच असतं. एकदा जिन्यात असं झालं की माणूस जिना टाळतो, मग देवळात जाणं बंद, मग लग्नकार्याला जाणं बंद, मग अंगणापर्यंतही नाही. पायाचे स्नायू वापराविना वाळत जातात, आणि वाळलेल्या स्नायूंना तेवढ्याच कामाला जास्त श्वास लागतो, म्हणजे धाप अजून लवकर लागते. घरच्यांना वाटतं आजार वाढला. काही वेळा आजार तेवढाच असतो, आवाक्यात मात्र काहीच उरलेलं नसतं.

असं किती जणांना होतं? वेगवेगळ्या अभ्यासांत आकडे फार वेगवेगळे येतात, सीओपीडीच्या पेशंटमध्ये १० टक्क्यांपासून ५५ टक्क्यांपर्यंत, कुणाला धरलं आणि कशाने मोजलं त्यावर ते ठरतं. खालचा आकडा धरला तरी प्रत्येक ओपीडीत रोज दोन-चार जण तरी समोर बसून जातात. ज्यांची ॲन्झायटी तशीच राहते ते ॲडमिट जास्त होतात, व्यायामाचा प्रोग्रॅम अर्ध्यावर सोडतात, सिगारेट असेल तर ती सुटायला जास्त जड जाते. सीओपीडीबद्दलच्या जागतिक मार्गदर्शिकेत, जिला गोल्ड म्हणतात, तिच्यातही स्पष्ट लिहिलंय की ॲन्झायटी आणि डिप्रेशन हे सीओपीडीचे महत्त्वाचे सोबती आहेत आणि त्यांचं निदान पुरेसं होत नाही.

निदान का होत नाही यामागे एक मोठं कारण भाषेत आहे असं मला रोज जाणवतं. आपल्याकडे पेशंट येऊन "मला ॲन्झायटी आहे" असं म्हणत नाही. तो म्हणतो जीव घाबरतो. ती म्हणते कसंतरीच होतंय, जीव वरखाली होतो, छातीत कालवाकालव होते, घाबरंघुबरं होतं, हुरहूर लागून राहते. आता "जीव घाबरतो" हे धाप लागल्यावरही म्हणतात, बीपी खाली गेल्यावरही म्हणतात, हार्टचं दुखणं असल्यावरही म्हणतात आणि नुसत्या भीतीनेही म्हणतात. ऐकणारा डॉक्टर छातीचा असेल तर त्याला ते छातीचंच ऐकू येतं, त्यात त्याची चूक नाही, पण पुढचा प्रश्न विचारायला हवा, की धाप लागल्यावर जीव घाबरतो की जीव घाबरल्यावर धाप लागते? मी हा प्रश्न हल्ली प्रत्येकाला विचारते. बरेच जण थोडं थांबतात, विचार करतात, आणि त्यांना आधी कधी न सुचलेलं काहीतरी सांगतात. एक काका म्हणाले, "खरं सांगू का, नुसतं लिफ्टचं दार बंद झालं तरी सुरू होतं, एक पाऊल पण चाललेलो नसतो."

स्क्रीनिंगला मराठीत चाळणी चाचणी म्हणतात आणि हा शब्द मला फार आवडतो कारण काम नेमकं तेच आहे. पीठ चाळलं म्हणजे पोळी झाली असं नाही. चाळणीत वर जे राहतं ते सगळं टाकाऊ नसतं आणि खाली पडलेल्यातही कधीतरी एखादा बारीक खडा निघतो. तसंच स्क्रीनिंगमध्ये कुणाशी अजून सविस्तर बोलायला हवं एवढंच कळतं, निदान होत नाही.

या चाळण्या म्हणजे प्रश्नांचे छोटे कागद. फुप्फुसाच्या पेशंटसाठी कुठला कागद घ्यायचा हे मात्र विचार करून ठरवावं लागतं. उदाहरणार्थ १९८८ ची बेक यांची ॲन्झायटीची प्रश्नावली फार प्रसिद्ध आहे, २१ प्रश्नांची. पण तिच्यात श्वास घ्यायला त्रास, गुदमरल्यासारखं होणं, छाती धडधडणं, हात थरथरणं असे शरीराचे प्रश्न बरेच आहेत. माझ्या मावशीला ती दिली तर ती अगदी शांत मनाने बसलेली असताना नुसत्या सीओपीडीवरच भरपूर मार्क घेईल. म्हणजे चाळणीची भोकंच चुकीच्या मापाची.

अशी अडचण त्याच्याही आधी ओळखून १९८३ मध्ये झिगमंड आणि स्नेथ या दोघांनी हॅड्स नावाची प्रश्नावली काढली, मुळातच हॉस्पिटलमध्ये शरीराच्या आजारासाठी येणाऱ्या लोकांकरता. १४ प्रश्न, ७ ॲन्झायटीचे आणि ७ डिप्रेशनचे, शरीराची लक्षणं होता होईल तेवढी बाजूला ठेवलेली. दोन्हींचे मार्क वेगवेगळे, प्रत्येकी ० ते २१, ८ पासून पुढे लक्ष द्यायचं आणि ११ पासून पुढे बहुतेक त्रास आहेच असं धरायचं. छातीच्या आजारांच्या अभ्यासांत ही खूप वापरतात, फक्त तिला लायसन्स लागतं. आणि एक भाषांतराची गंमत नाही, अडचणच म्हणायला हवी, तिच्यातल्या एका प्रश्नात इंग्रजीत पोटात फुलपाखरं उडाल्यासारखं वाटतं का असं आहे. आपल्या आजीला हे असंच्या असं विचारलं तर ती आपल्याकडेच काळजीने बघेल. मराठीत भीतीने पोटात गोळा येतो, फुलपाखरं नाही उडत. नुसतं शब्दाला शब्द ठेवून केलेला कागद या कामाला चालत नाही तो यामुळे.

२०१३ मध्ये इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या संशोधकांनी खास सीओपीडीच्या लोकांसाठी १० प्रश्नांची एक प्रश्नावली केली, एअर म्हणतात तिला, तिच्यात शरीराची लक्षणं मुद्दाम गाळलेली आहेत. ती मला मनापासून पटते, पण आपल्याकडच्या साध्या ओपीडीत अजून फारशी कुणी वापरताना मी बघितली नाही.

त्यामुळे रोजच्या कामाला उरते जीएडी-७. २००६ ची आहे, फुकट वापरता येते, सातच प्रश्न, तीन-चार मिनिटांचं काम. मागच्या दोन आठवड्यांत किती वेळा असं झालं ते विचारायचं. अजिबात नाही ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३. प्रश्न मी माझ्या बोलीत सांगते, कागदावर ते जरा वेगळे असतात. मन अस्वस्थ, धास्तावलेलं असतं का. काळजी सुरू झाली की थांबवता येत नाही असं होतं का. एका गोष्टीची नाही, दहा गोष्टींची काळजी लागते का. निवांत बसायचं म्हटलं तरी निवांत होता येत नाही का. एका जागी बसवत नाही इतकी चुळबुळ होते का. बारीकसारीक गोष्टीवरून चिडचिड होते का. आणि शेवटचा, काहीतरी वाईट होणार अशी भीती वाटत राहते का. बेरीज ० ते २१. ५ ला सौम्य, १० ला मध्यम, १५ ला तीव्र, आणि १० किंवा जास्त आले की पुढे नीट तपासायचं. एवढाही वेळ नसेल तर पहिले दोनच प्रश्न विचारतात आणि ३ किंवा जास्त आले तर पूर्ण कागद भरून घेतात.

नीट बघितलं तर यात श्वासाचा एकही प्रश्न नाही, म्हणून फुप्फुसाच्या पेशंटला हा कागद बऱ्यापैकी चालतो. तरी जिथे चुळबुळ आणि निवांतपणाचा प्रश्न आहे तिथे मी थांबून औषधं विचारते, कारण स्टेरॉइडच्या गोळ्यांचा कोर्स चालू असेल तर माणसाला झोप लागत नाही आणि एका जागी बसवत नाही, थिओफिलीनच्या गोळ्यांनीही असं होतं.

आता आकड्यांचं एक छोटं गणित, कारण पेशंट आणि नातेवाईक दोघंही बेरजेचा आकडा बघून घाबरतात. जीएडी-७ ज्या मूळ अभ्यासात तपासली तो अमेरिकेतल्या १५ साध्या दवाखान्यांमधला होता, २७४० लोकांचा. त्यात १० ची रेघ धरली तर ज्यांना खरंच सततच्या चिंतेचा आजार होता त्यातले ८९ टक्के पकडले गेले, आणि ज्यांना नव्हता त्यातले ८२ टक्के बरोबर वगळले गेले. समजा आपल्या गावात सीओपीडीचे १०० पेशंट आहेत आणि त्यातल्या २० जणांना हा त्रास आहे. चाळणी त्यातल्या साधारण १८ जणांना पकडेल, २ सुटतील. उरलेल्या ८० मधल्या १४ जणांनाही १० किंवा जास्त मार्क मिळतील, त्रास नसताना. म्हणजे ३२ जण चाळणीत वर राहिले, त्यातले १८ खरे. म्हणून १२ मार्क आले म्हणजे "मला मानसिक आजार झाला" असं नसतं, १२ म्हणजे कुणीतरी अर्धा तास बसून तुमच्याशी बोलायला हवं. आणि ८ आले पण माणूस दोन वर्षं बाथरूमची कडी लावत नसेल तर त्या ८ वर विसंबून फाइल बंद करायची नाही.

कागद कसा विचारायचा यावर मला जास्त बोलायचंय, कारण सगळी मेख तिथे आहे. धाप लागलेली असताना, नेब्युलायझेशन नुकतंच झालेलं असताना, कफ वाढून ॲडमिट झाल्याच्या दिवशी हा कागद काढायचा नाही, त्या दिवशी कुणीही घाबरलेलंच असणार. तब्येत जरा स्थिरावल्यावर विचारायचं. मात्र ॲडमिट होऊन घरी गेल्यावर पुढच्या व्हिजिटला जरूर विचारायचं, घरी ऑक्सिजनचं मशीन लागलं तेव्हा विचारायचं, जोडीदार गेला असेल तर विचारायचं.

नातेवाईक बाहेर. हे ऐकायला कठोर वाटतं पण मुलगा समोर बसला की तोच उत्तर देतो, "नाही नाही, आईला कसलं टेन्शन, आम्ही सगळं बघतो." आणि आई मान हलवते. ती कशी म्हणेल की तू कामावर गेलास की मला घर खायला उठतं. वाचता येत असलं तरी मी कागद हातात देत नाही, वाचून दाखवते, चष्मा विसरलेला असतो आणि सांगायची लाज वाटते. आणि "मागच्या दोन आठवड्यांत" हा शब्दप्रयोग गावाकडच्या माणसाला पटकन लागत नाही, मी विचारते मागच्या दोन बाजारांपासून, म्हणजे गावचा आठवडी बाजार दोनदा भरला तेवढ्यात. लगेच हिशोब लागतो. "निम्म्याहून जास्त दिवस" पण अवघड जातं, तिथे हाताची सात बोटं धरून विचारायचं, यातले किती दिवस.

पुरुष मंडळी "भीती" या शब्दाला एकदम नाही म्हणतात. भीती वाटते का, नाही. काळजी वाटते का, नाही. पण धाप लागेल म्हणून काय काय करायचं सोडलंत, असं विचारलं की यादी सुरू होते. हा प्रश्न कुठल्या कागदावर नाही पण मी सोडत नाही. असेच काही कागदावर नसलेले पुरावे असतात. २०० पफचा निळा पंप २० दिवसांत संपतोय का. कोविडपासून घरोघरी आलेलं ते बोटाला लावायचं ऑक्सिमीटर दिवसातून किती वेळा लावतात, मी तीस-चाळीस वेळा लावणारी माणसं बघितलीत. झोपताना पंप कुठे असतो. मावशीचा पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलेला असायचा, झोपेतसुद्धा.

त्या निळ्या पंपाचं एक नीट समजून घ्या. त्यात साल्ब्युटामॉल असतं, ते नळ्या उघडतं, पण त्याने हात थरथरतात आणि छातीही धडधडते. मावशीला भीती वाटली की ती पंप ओढायची, पंपाने धडधड वाढायची, धडधड वाढली की वाटायचं जास्तच झालंय, मग पुन्हा पंप. रात्री तीन वाजता खिडकीशी बसून हे चालायचं. पंप भराभर संपतोय याचे दोन अर्थ असू शकतात, आजार खरंच वाढलाय किंवा भीती वाढलीये, आणि कुठला ते डॉक्टरने तपासूनच ठरवायचं, घरी नाही.

याच्याच उलट बाजूची चूक जास्त धोक्याची आहे. एका हॉस्पिटलमध्ये मावशीला एकदा धाप लागलेली असताना नुसतं "टेन्शन घेऊ नका" म्हणून घरी पाठवलं होतं, दोन दिवसांनी न्यूमोनिया निघाला. बाईमाणूस असलं की हे जास्त होतं असं माझं स्पष्ट मत आहे. ॲन्झायटीचा शिक्का फाइलवर बसला म्हणून नवीन धाप भीतीचीच असं कधीच धरायचं नाही. ओठ निळसर पडले, एक वाक्य सलग बोलता येईना, ग्लानी आली किंवा बडबड असंबद्ध झाली, छातीत दुखायला लागलं, ताप आला, कफाचा रंग बदलला, एकच पाय सुजला, ऑक्सिमीटरचा आकडा रोजच्यापेक्षा खाली गेला, यातलं काहीही असेल तर प्रश्नावली राहू दे, सरळ हॉस्पिटल गाठा. फुप्फुसात गुठळी जाणं, फुप्फुसाला भोक पडणं, हार्टचे ठोके बिघडणं, हे सगळं सुरुवातीला हुबेहूब घाबरल्यासारखंच दिसतं. थायरॉइड वाढलं तरी धडधड आणि चुळबुळ होते. म्हणून १० किंवा जास्त मार्क आले की मनाबरोबर शरीराचीही तपासणी होते, आधी ती.

सगळ्यांचं सरसकट स्क्रीनिंग करावं का यावर जगात एकमत नाही हेही सांगायला हवं. अमेरिकेतल्या प्रतिबंधक सेवांच्या टास्क फोर्सने जून २०२३ मध्ये ६४ वर्षांपर्यंतच्या सगळ्या मोठ्या माणसांचं ॲन्झायटीसाठी स्क्रीनिंग करा असं सांगितलं, पण ६५ च्या पुढच्यांसाठी पुरावा अपुरा आहे म्हणाले. आणि सीओपीडीचे पेशंट बघाल तर बरेचसे त्याच वयाचे. माझं म्हणणं एवढंच की पुरावा अपुरा म्हणजे विचारूच नका असं होत नाही, विशेषतः ज्याच्या आजाराचं मुख्य लक्षणच भीती वाढवणारं आहे त्याला तरी विचारा. पण एक अट मी स्वतःला घालून घेतलीये, पुढे कुठे पाठवायचं ते माहीत असल्याशिवाय कागद काढायचा नाही. माणसाने मन उघडं केलं आणि आपण नुसती बेरीज करून फाइलला लावली, हे त्याच्यावर अन्याय करणारं आहे. ॲन्झायटीबरोबर डिप्रेशनचेही दोन प्रश्न विचारते, आणि जगण्यात अर्थ नाही, सुटका झाली तर बरं असं कुणी बोललं तर तो दिवस त्याच माणसाचा, घरच्यांना बोलावून, मानसोपचारवाल्या डॉक्टरांशी बोलणं करून देऊनच सोडायचं.

पुढे काय असतं? सगळ्यात आधी फुप्फुसाचंच औषध नीट चालू आहे का, पंप बरोबर ओढला जातो का. मग पल्मनरी रिहॅब, सहा ते आठ आठवड्यांचा व्यायाम आणि शिकवण्याचा प्रोग्रॅम, याने धापही कमी होते आणि भीतीही, कारण माणूस आमच्यासमोर, ऑक्सिमीटर लावून, मुद्दाम धाप लागेपर्यंत चालतो आणि त्याच्या स्वतःच्या डोळ्यांना दिसतं की धाप लागली, थांबलो, उतरली, मेलो नाही. हे शंभर वेळा सांगून होत नाही. मग बोलण्याची थेरपी, सीबीटी. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलकडे छातीच्या विभागातल्या नर्सनाच सीबीटी शिकवली आणि त्यांनी ती सीओपीडीच्या पेशंटना दिली, २०१८ मध्ये त्याचे निकाल आले, ॲन्झायटी कमी झाली. त्यानंतर इंग्लंडमध्येच टँडम नावाची मोठी ट्रायल झाली, रिहॅबच्या आधी अशाच धर्तीच्या सेशन्स देऊन बघितल्या, २०२३ मध्ये निकाल आला आणि नेहमीच्या उपचारापेक्षा फरक पडला नाही. म्हणजे नुसतं सीबीटी नाव लावून भागत नाही, कोण देतं, कुणाला, किती, यावर सगळं आहे.

गोळ्यांबद्दल फार जपून. झोप येत नाही, जीव घाबरतो म्हणून अल्प्राझोलामसारखी गोळी मेडिकलवाल्याकडून आणून घेतात, शेजारणीची उसनी घेतात. या गोळ्या श्वासाचा वेग मंदावतात, कफ काढायची शुद्ध ठेवत नाहीत, म्हातारा माणूस रात्री उठताना पडतो, आणि सवय लागते ती वेगळी. ज्याचं फुप्फुस आधीच अधू त्याच्यासाठी हे खूप जोखमीचं. पण कुणी वर्षानुवर्षं घेत असेल तर उद्यापासून एकदम बंदही करू नका, डॉक्टरला सांगून हळूहळू कमी करायची असते. सवय न लावणारी दुसरी औषधं आहेत, त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि तेवढा धीर धरावा लागतो.

जिथे मानसोपचारवाले जवळपास नाहीत तिथे टेलि-मानसचा १४४१६ नंबर आहे, केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केला, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातही मानसिक आरोग्याचा विभाग असतो, केसपेपर काढताना तसं सांगायचं.

आणि त्या दहा मिनिटांसाठी, बसून पुढे वाकायचं, कोपर गुडघ्यांवर किंवा टेबलावर टेकवायचे, खांदे सैल, नाकाने श्वास आत, ओठांचा चंबू करून सावकाश बाहेर, आत घ्यायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट. चंबूमुळे नळ्यांत थोडा दाब राहतो, त्या मिटत नाहीत, कोंडलेली हवा बाहेर पडते. तोंडासमोर छोटा बॅटरीचा पंखा किंवा हातपंखा धरला तरी आराम पडतो, गालांना वारा लागला की मेंदूची हवेची मागणी जरा शांत होते.

मावशीला हा चंबू शिकवायला मला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. मी करून दाखवलं तशी म्हणाली, "अगं ही तर फुंकणी की." चाळीस वर्षं तिने हेच केलेलं, फक्त तेव्हा समोर धूर होता. तिचे मार्क पहिल्यांदा १६ आले होते. जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचारवाल्या डॉक्टरांकडे ती चार वेळा गेली, आठ आठवडे माझ्याकडे राहून व्यायाम केला, अंघोळीला गरम पाणी कमी आणि वरची खिडकी उघडी असं ठरवलं, कडीच्या जागी बाहेरूनही उघडता येईल असा खटका बसवला. तीन महिन्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा ९ आले. सून आता बाहेर उभी नसते, स्वयंपाकघरात असते, आणि मावशी आतून मधूनमधून हाक मारते. पंप अजूनही पदरालाच बांधलेला असतो, त्याला मी हात लावलेला नाही.